शेवटपर्यंतचं तिकीट

ऑफिसातले लोक हिशेबनिसाला 'वैमानिक' म्हणत. विमान त्याने जन्मात उडवलं नव्हतं. तिकिटं मात्र अशी स्वस्त काढून द्यायचा की सुट्टीचा बेत आखण्याआधी साहेबसुद्धा त्याच्या टेबलाशी घुटमळत. करामत सगळी मोबाईलमधल्या ॲपची. आपल्या शहरापर्यंतचं तिकीट महाग, पण इथे थांबून त्याच विमानाने पुढे जाणारं तिकीट निम्म्याने स्वस्त, अशा जागा ते हुडकून काढी. तिकीट शेवटपर्यंतचं घ्यायचं आणि मधेच उतरून सरळ घर गाठायचं.

आईला कायमची आपल्याकडे आणताना त्याने हेच केलं.

"अरे, पण तिकिटावर आहे तिथे जायला नको?" आईने फोनवर विचारलं.

"तू गुपचूप उतर गं. कोणी हटकलं तर सांग, तब्येत बरी नाही."

"सख्ख्या आईला खोटं पढवताय," बायको म्हणाली. "कमाल आहे तुमची!"

त्याला थोडं ओशाळल्यासारखं झालं. पण वाचलेल्या पैशांचा आकडा पाहिल्यावर तेही ओसरलं. आणायला जायचं तर रजा पडली असती, म्हणून आई टॅक्सीने एकटीच आली.

त्याच संध्याकाळी मोबाईल वाजला. 'आपल्या प्रवासी शेवटच्या मुक्कामी पोचल्या आहेत.' तो हसला. मशीनच ते, चुकणारच.

दुसऱ्या दिवशी: 'आपल्या प्रवासी विमानतळाच्या बाहेरच्या दारापाशी थांबल्या आहेत.' या खेपेला हसू आलं नाही.

आई घरात नीट होती. विचारलं तेवढं बोलायची. फक्त तिच्या ताटातलं अन्न तसंच राहायचं आणि सकाळी अंथरुणावर एक सुरकुती नसायची. बायको म्हणाली, "नवी जागा आहे, रुळतील."

चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, अनोळखी नंबरवरून फोन आला.

"विमानतळावरून बोलतेय. एक आजी चार दिवस इथे बसून आहेत. तुमचा नंबर पाठ आहे त्यांना, पण लावू देत नव्हत्या. देते हं."

आधी श्वास ऐकू आला. तोच, आईला जिना चढल्यावर लागायचा तसा.

"मधे उतरायला उठले होते रे. पण खोटं बोलायला जीभच रेटेना. परत बसले. तुझा हिशेब चुकवला ना मी? रागावशील म्हणून फोन नाही केला."

त्याने वळून पाहिलं. आतल्या खोलीत आई पाठमोरी बसून त्याच्या लेकीची वेणी घालत होती.

फोनवर पुन्हा ती बाई आली. "आपण यांचे कोण?"

मुलगा म्हणायचं, तर ते तिकीट सांगायला हवं. टॅक्सीचं सांगायला हवं. बायको दारात उभी राहून त्याच्याकडेच बघत होती.

"राँग नंबर," तो म्हणाला.

पलीकडून कोणीतरी हळूच म्हणालं, "असू दे गं बाई, असू दे." त्याने फोन ठेवला.

आतल्या खोलीतल्या आईने मान वळवली नाही. वेणीचा पेड घट्ट ओढला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "तिला सवय आहे वाट बघायची."