डब्याच्या झाकणातलं ऊन

ढोकेश्वराच्या लेण्यात गंगेच्या मूर्तीसमोर अश्विनी मघापासून ताटकळत उभी होती. चित्र काढायचं तर चेहरा दिसायला हवा, आणि आत हा असा अंधार! एवढ्यात कुठूनसा उन्हाचा कवडसा आला आणि अलगद गंगेच्या गालावर बसला. अगं बाई, केवढी देखणी होती ती! कमरेत किंचित लचकलेली, ओठांवर हसू... काळ्या कातळातून इतकं नाजूक रूप कोणी कसं काढलं असेल!

"दिसतंय का आता?"

तिने वळून पाहिलं. बाहेर उन्हात एक तरुण जेवणाच्या डब्याचं झाकण तिरपं धरून उभा होता.

"दिसतंय... पण हात हलवू नका."

"न्हाई हलवत. पर तुमी हसू नका मग."

त्याचं नाव हर्षल. सुप्याला कंपनीत कामाला, गुरुवारी सुट्टी. मग काय, चित्रकला शिकणाऱ्या अश्विनीलाही पारनेरहून यायला गुरुवारच सोयीचा पडू लागला! गंगेनंतर तिने भिंतीवरच्या सप्तमातृका काढायला घेतल्या. तो ऊन धरायचा, ती रेघ ओढायची.

"एकाच दगडात सात जनी, आन् एकीसारखी दुसरी न्हाई!" तो दर वेळी नव्याने थक्क व्हायचा, आणि त्याला असं थक्क झालेलं बघणं अश्विनीला फार आवडायचं. गडी मूर्तींबद्दल भरभरून बोलायचा. मनातलं सांगायची वेळ आली की मात्र तोंडाला कुलूप.

शेवटची चामुंडा तिने मुद्दाम रेंगाळत काढली, तरी संपलीच.

"झालं," ती म्हणाली. "आता इथे यायला कारण नाही... आणि रविवारी सोनईचे लोक मला बघायला येतायत."

भिंतीवरचा कवडसा थरथरला.

"चांगली मान्सं हायत का?"

एवढंच? तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. ती तरातरा बाहेर गेली, त्याच्या हातातलं झाकण काढून घेतलं आणि सगळं ऊन त्याच्याच तोंडावर टाकलं.

"आता बोला! घरी काय सांगू मी?"

बिचारा डोळे किलकिले करत राहिला. कान लालबुंद झाले होते.

"आई म्हनली हुती... इचार तिला म्हनून."

"कधी?"

"गंगा काढली, त्याच दिवशी."

"आणि तुम्ही आज सांगताय!"

"तुमी न्हाई म्हनला असता तर... गुरुवार बी गेला असता." त्याने डोळ्यांवर हात आडवा धरला. "मला तुमी लई आवडता. शनिवारी रजा टाकतो. सोनईकरांच्या आधी आईला घिऊन येऊ का?"

अश्विनीने झाकण खाली घेतलं.

"या," ती म्हणाली. "पण हे झाकण माझ्याकडेच राहील. पलीकडची यमुना काढायची आहे अजून."

"मंजी कारण हुतं की!"

"होतं," ती म्हणाली, आणि झाकण पिशवीत ठेवलं.