छापील पुरावा

कोणीही उठावं आणि काहीही लिहावं, असा ज्ञानकोश भरवशाचा कसा असेल? इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशावर त्याने आपल्या वर्तमानपत्रात सलग तीन रविवार तोंडसुख घेतलं. स्वयंसेवकच लिहिणार, स्वयंसेवकच तपासणार. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. चौथ्या लेखासाठी पुरावा हवा होता, म्हणून त्याने बाबांच्या पानावर एक खोटी ओळ घुसवली.

बाबा पोहण्याचे निवृत्त प्रशिक्षक. तरुणपणी एक खाडी विक्रमी वेळेत पार केली होती, म्हणून त्यांच्या नावाचं चार ओळींचं पान होतं. त्यात त्याने लिहिलं, ‘त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही.’ किती दिवसांत पकडतात ते बघायचं होतं.

“बाबांना कशाला मध्ये ओढतोस?” ताई म्हणाली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचायची. कान तुटलेल्या कपातून ती चहा पीत होती. तो कप घरात दुसरं कोणी घेत नसे.

“परक्याच्या पानावर लिहिलं तर बोंब होईल. घरचा माणूस बरा.”

कोणी पकडलं नाही. उलट आठवड्याने त्याच्याच पेपरात बाबांच्या सत्काराची बातमी आली. बातमीदाराने ती ओळ ज्ञानकोशातून जशीच्या तशी उचलली होती. मग ज्ञानकोशातही तिला संदर्भ जोडला गेला: तोच पेपर. तो पोट धरून हसला.

त्या संध्याकाळी त्याने उजवीकडून हाक मारली तर बाबांनी मान वळवली नाही.

“चेष्टा करताय का?” त्याने समोर येऊन विचारलं.

“चेष्टा कसली? हा कान लहानपणीच गेला. तुला माहीत नाही?”

आईनेही मान डोलावली. डॉक्टरांनी कानात पाहिलं आणि जखम साठेक वर्षांपूर्वीची असल्याचं सांगितलं. खोटं कुठून सुरू झालं, हे फक्त त्याला आणि ताईला आठवत होतं.

मग दुसऱ्या एका पेपराने तीच बातमी छोटी करून छापली आणि ‘उजव्या’ हा शब्द गाळला. दोन दिवसांत बाबांचा डावा कानही मंद झाला. टीव्हीचा आवाज वाढवत वाढवत ते शेवटी नुसते चित्रांकडे बघत बसले.

त्याने ओळ पुसली. दहा मिनिटांत ती परत आली. ‘पडताळा’ असं टोपणनाव घेतलेल्या स्वयंसेवकाने खाली लिहिलं होतं, ‘छापील पुरावा असलेली ओळ काढायला छापील पुरावाच लागतो.’

‘ते माझे वडील आहेत हो!’

‘नातं हा पुरावा नाही.’

“मग छाप ना,” ताई म्हणाली. “कबूल करून टाक.”

“नोकरी जाईल.”

“जाऊ दे. बाबा बोलत नाहीयेत रे आता.”

संपादक खूप चिडले, पण पाच ओळींचा खुलासा द्यायला तयार झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कार्यालयात असताना ताईचा फोन आला.

“दोन्ही कान ठणठणीत असल्याचं छापलंय, झकास. पण हे काय? ‘त्यांच्या एकमेव अपत्याने खोटी माहिती घातली’? मग मी कोण, भाडेकरू?”

“मी ‘दोन अपत्यांपैकी धाकट्याने’ असं लिहिलं होतं गं. पान लावणाऱ्याने जागेसाठी छाटलं असणार. उद्या दुरुस्त करतो.”

“आठवणीने कर हं. आणि ये लवकर, चहा टाकलाय.”

त्याने ज्ञानकोश उघडला. कानाची ओळ गेली होती. तो तेवढंच पाहून धावत सुटला. त्याखाली नुकतीच आलेली, खुलाशाचा संदर्भ जोडलेली ‘अपत्ये: एक’ ही ओळ त्याने वाचलीच नाही.

“बाबा,” दारातूनच तो हळूच म्हणाला.

“ओरडतोस कशाला? बहिरा आहे का मी?”

त्याला रडूच फुटलं. जीव भांड्यात पडला.

शेगडीवर चहा तयार होता. आईने नेहमीसारखे तीन कप भरले. उद्याच्या पेपरात काहीतरी दुरुस्त करायचं होतं, असं त्याला उगाच वाटत होतं. काय ते आठवेना. महत्त्वाचं नसेल.

“हा कान तुटलेला कप कशाला ठेवलाय रे आपण?” आईने ओट्यावरून विचारलं. “यातून पितं कोण?”

“टाकून देऊ,” म्हणत त्याने तो उचलला.

तळाशी दोन घोट चहा होता. कप अजून गरम होता.