दोनशे बारावी नोंद

कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या साठ टनी प्रेसच्या स्क्रीनचा प्रोग्राम मी लिहिला आहे, फंक्शनल पद्धतीने. बटण दाबलं, हात आत गेला, प्रेस खाली आला, अशा प्रत्येक घटनेची एक नोंद होते. नोंदींची यादी फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याला, द्यायची, ते चित्र काढून देतं. यादी तीच तर चित्र तेच, कितीही वेळा चालवा. आणि चित्राबाहेर ते काहीही बदलत नाही. या शेवटच्या गुणासाठीच मी ही पद्धत निवडली होती.

सोमवारी त्या प्रेसखाली माझ्या दादाचा उजवा हात सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पत्र्याला चिकटून राहिलं. सुपरवायझर म्हणाला, स्क्रीन लाल असताना याने हात घातला. दादा म्हणाला, हिरवी होती. म्हणजे चूक एकतर त्याची, नाहीतर माझी.

बुधवारी सकाळी काचेच्या केबिनमधल्या संगणकावर मी सोमवारची यादी उघडली. बाहेर प्रेसची वीज तोडलेली, स्विचला कुलूप. दोनशे चौदा नोंदी होत्या. दोनशे बारा: हात आत. दोनशे तेरा: प्रेस खाली. दोनशे चौदा: थांबा.

मी यादी चालवली. दोनशे बाराला स्क्रीन हिरवीच राहिली. चूक माझी होती.

तेवढ्यात हॉस्पिटलमधून वहिनीचा फोन आला.

"अगं, यांचं मधलं बोट चेपलंय! हाडाचा पार भुगा. चादर रक्ताने भरली. डॉक्टर विचारतायत, पलंगात अडकलं का. मी इथेच बसलेय गं, कुणी हातसुद्धा लावला नाही!"

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. म्हणून मी यादी पुन्हा चालवली. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

फोन चालूच होता. दादाला मी आयुष्यात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

सुपरवायझर चहाचा कप घेऊन आत आला. "काय मॅडम, सापडलं का भूत? आम्हालाही दाखवा की सिनेमा." बोलता बोलता त्याने वाकून यादी चालवायचं बटण दाबलं.

आकडे पळू लागले. मी त्याला कोपराने ढकललं. त्याचं नाक टेबलाच्या कडेवर फुटलं, दात ओठातून बाहेर आला. मी थांबवायचं बटण दाबलं. ते दाबून धरलं तोवरच यादी थांबते.

दोनशे बारा.

"वहिनी?"

"शांत झोपलेत गं एकदम. बँडेजमध्ये बोटं हलवतायत."

"किती?"

ती पुटपुटत मोजू लागली. मग हळूच म्हणाली, "सगळी."

सुपरवायझर तोंडावर रुमाल दाबून काचेबाहेर बघत होता. "तो कुणी चालू केला?"

प्रेस वर चढत होता. स्विचचं कुलूप जागच्या जागी लटकत होतं.

स्क्रीनवर यादीच्या तळाशी एक ओळ वाढली. दोनशे पंधरा: हात आत.

मी बटणावरचं बोट उचललं नाही.

टेबल लाकडाचं आहे. त्यावर टेकलेल्या माझ्या दुसऱ्या तळहाताला तेलकट, गार लोखंड लागत होतं.