शंभरच्या पुढची घंटी

श्यामकांतच्या गाडीवर आम्ही जेवढं बोललो, तेवढं स्वतःच्या लग्नांवरही बोललो नसू. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत तो प्रॉडक्शनला होता, मी मेंटेनन्सला. रविवार उजाडला की दोघं उल्हासनगर कॅम्प पाचला, गुरुदत्तच्या गॅरेजात हजर. श्यामला बंदरावरच्या कस्टमच्या लिलावात एक जुनी जपानी टर्बो मिळाली होती. लाल, दोन दारांची आणि चांगलीच माजलेली.

गुरुदत्तने स्वतःच्या मारुती आठशेला मागे हा एवढा स्पॉयलर ठोकला होता.

"त्यावर वहिनी कपडे वाळत घालतात काय रे?" श्याम विचारायचा.

"तुझी टर्बो गाडी कमी आणि माझी भाडेकरू जास्त," गुरुदत्त म्हणायचा. "वर घंटी वाजवते. देवळात चाललायस की वांगणीला?"

घंटी खरी होती. त्या काळच्या जपानी गाड्यांना असायचीच. काटा शंभरच्या पुढे गेला की डॅशबोर्डच्या आतून किण-कोण, किण-कोण, तो खाली येईपर्यंत. शौकीन लोक गाडी आली की आधी तिची वायर कापतात. श्यामने कापली नव्हती, त्याला कारण त्याची बायको, कुंदावहिनी. त्यांचा धाकटा भाऊ मोटरसायकलवर गेलेला. त्यांनी श्यामचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती. घंटी वाजली की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. मी शपथा-बिपथा मानत नाही, मी मीटर मानतो. पण श्यामचा त्या बाईवर भारी जीव होता, त्याने ती पाळली.

आम्ही मात्र चिडवून चिडवून त्याला भंडावून सोडलं. शेवटी त्यानेच पळवाट काढली.

"वाजली तर पाय उचलायचा ना? वाजलीच नाही तर?"

गुरुदत्तने पक्कड घेतली, वायर कापली, टोकांना टेप गुंडाळली. त्याच दुपारी आम्ही बदलापूरहून वांगणीकडे निघालो. काटा एकशे चाळीसला आणि गाडीत एकदम शांत. श्याम शाळा सुटल्यासारखा हसत होता. मलाही मजा आली, खोटं कशाला बोलू?

पुढच्या आठवड्यात घंटी वाजली. तीही कुठे, तर मांजर्लीच्या गल्लीत, भाजीच्या हातगाडीमागे रांगत असताना.

गुरुदत्तने डॅशबोर्ड उघडला. वायर कापलेलीच होती. त्याने घंटीची अख्खी डबी उपटून बाकावर ठेवली आणि चावी फिरवली. किण-कोण. मी डबीला हात लावून पाहिला. ती थंडगार होती, जराही थरथरत नव्हती. आवाज डॅशबोर्डच्या आतूनच येत होता.

"ही काय भानगड आहे यार?" गुरुदत्त म्हणाला. नंतर हसला, पण जरा उशिरानेच.

तसंही टर्बोचं काम निघालं होतं. त्याने इंजिन उतरवून साखळीला टांगलं, बॅटरी काढली, चाकं रुंद रिमसाठी पाठवून दिली. गाडी विटांवर चढली. "आता वाज म्हणावं," तो म्हणाला.

रविवारी सकाळी कुंदावहिनी माझ्या दारात उभ्या.

"चिंतामणीभावजी, गुरुदत्तभावजींचा फोन आला होता. हे तिकडे गाडीत जाऊन बसलेत, उतरतच नाहीत म्हणे. मला भीती वाटतेय हो."

आम्ही रिक्षाने गेलो. गुरुदत्त शटरबाहेर उभा होता, चेहरा पांढराफटक.

"काच बघ," तो मला म्हणाला. "काल मीच पुसून ठेवलीय."

पुढच्या काचेवर किडे चिरडलेले होते. त्यांचे डाग अजून ओले होते.

किण-कोण. किण-कोण.

श्याम दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसला होता. शेडमध्ये वाऱ्याची झुळूक नव्हती, पंखाही बंद होता. त्याचे केस मागे उडत होते.

"अहो, उतरा ना," वहिनी म्हणाल्या.

त्याने समोरून नजर हटवली नाही. समोर भिंत होती.

"वेडी आहेस का कुंदा? चालत्या गाडीतून कसा उतरू? ब्रेक लागत नाहीये."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. काटा शून्यावर.

"श्याम्या, गाडी विटांवर आहे रे बाबा," मी म्हणालो.

वहिनी रडायला लागल्या. मग पदराने डोळे पुसून, लहान मुलं खेळात म्हणतात तसं म्हणाल्या, "सुटली. माझी शपथ सुटली. आता तरी उतरा."

घंटी थांबली.

श्यामने पहिल्यांदा मान वळवली. इतका मोकळा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

"थांबली," तो म्हणाला.

केस अजून उडत होते.

मी ओरडलो. पण त्याने दार उघडून पाय खाली ठेवला होता.

तो लोळत, आपटत शेडच्या टोकाच्या भिंतीपर्यंत गेला. वाटेतला लोखंडी बाक आडवा झाला.

हॉस्पिटलात डॉक्टर बाहेर आले तेव्हा वहिनींना काही सांगावं लागलं नाही. मला त्यांनी बाजूला घेतलं. हातातल्या ट्रेमध्ये जखमांतून काढलेली खडी होती. बारीक, काळी, डांबर लागलेली. गुरुदत्तच्या शेडला शहाबादी फरशी आहे.

"पोलिसांना कळवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "गाडी किती स्पीडला होती?"