हर्षालीचं वावर

फ्लेक्स उलगडला आणि माझे वडील, आमचे अण्णा, कडाडले, "हे कुणाचं गाव हाय?"

खरं तर त्यावर पाखऱ्या असायला हवा होता. आमचा बैल! घाटातल्या बैलगाडा शर्यतीत त्यानं पहिला नंबर काढला होता. चौकात त्याचा फ्लेक्स लागणार म्हणून अण्णांनी सकाळीच फेटा बांधलेला, दहा माणसं शिडी नि दोऱ्या घेऊन उभी. मी चिखलीहून गुंडाळी आणली, ऐटीत उलगडली, तर... नदी, डोंगर, कौलारू घरं, एक बुरूज आणि कोपऱ्यात चक्क पंखवाला अजगर.

"नदी चढाला चाललीय बघा," अण्णा म्हणाले. "आन् लोहाराची भट्टी गवताच्या छपरांमधी! पहिल्या वाऱ्याला गाव जळायचं."

सगळे हसत होते तेवढ्यात एक बाईक येऊन थांबली. घामानं चष्मा नाकावर घसरलेला एक मुलगा उतरला. त्याच्या खांद्यावर आमचा पाखऱ्या गुंडाळलेला होता.

"माफ करा... फ्लेक्सवाल्या खंडूभाऊंनी दुकानात अदलाबदल केली," तो म्हणाला, आणि मी नकाशा उलटा धरलाय हे बघून त्याचा जीव खालीवर झाला. "जरा जपून... तीन महिने लागलेत त्याला."

"तीन महिने? हे गाव तुमचंय?"

"मीच बनवलंय. खेळासाठी."

"मग चुकलंय."

काय करू? मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. चूक दिसली की बोलल्याशिवाय राहवत नाही. दुसरं कुणी असतं तर तोंड फिरवून गेलं असतं. यानं खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाला, "कुठं कुठं? दाखवा की."

त्याचं नाव समर्थ. मूळचा औशाचा, भोसरीच्या कारखान्यात डाय-डिझाइनचं, म्हणजे साचे आखायचं काम. दर रविवारी खंडूभाऊंच्या दुकानावरच्या खोलीत तो आणि त्याचे पाच-सहा मित्र एक खेळ खेळायचे. कागद, पेन्सिल आणि फासे. एकजण जग रचून सांगणार, बाकीचे त्यात कुणी शिकारी, कुणी वैदू, कुणी मांत्रिक होऊन फिरणार. जग रचणारा समर्थ होता. मे महिन्यात निगडीला अशा खेळाडूंचा मोठा मेळावा होता आणि तिथं त्याला आपलं गाव मांडायचं होतं.

पुढच्या रविवारी मी गेले. चुका सांगायला हो, आणखी कशाला!

"पाणवठा कुठंय?" मी विचारलं. "खळं कुठंय? आणि ही शेतं... नुसते हिरवे चौकोन? यांची नावं?"

"शेतांना नावं असतात?"

"असतात म्हणजे? तुम्हाला नाही का नाव?"

"आहे की. पण तुम्ही अजून एकदाही घेतलं नाही."

मी खाली मान घालून नदी खोडायला लागले. रबर जरा जास्तच घासलं.

आता आमच्या शिवारातल्या वावरांचं सांगायला हवं. थोरल्या पट्टीत गोदाम झालंय, बाभळीच्यात पत्र्याची शेड, गाढवलोळीत सात मजली इमारत. आम्ही खोल्या बांधून भाड्यानं दिल्यात. तरी अण्णा अजून पत्ता सांगताना "गाढवलोळीच्या अंगाला या" म्हणतात आणि डिलिव्हरीवाला फोनवर रडकुंडीला येतो. दावणीला बैल आहेत, डोक्यात सगळं शिवार आहे, नांगर मात्र माळ्यावर.

पण एक होतं. अण्णा बाहेरच्या माणसाला वावराचं नाव कधीच सांगत नसत. पूर्वी एजंट आले होते, ओसरीवर बसून चहा प्याले, गोड बोलून कुठलं वावर कुणाचं ते विचारून गेले... आणि पुढं निम्मं शिवार कवडीमोलानं कसं गेलं ते सगळ्या गावाला माहीत आहे. तेव्हापासून अण्णांचं एकच, "बाहेरच्याला शिवार दावायचं न्हाई." आणि मी दर रविवारी एका बाहेरच्याच्या कागदावर तेच शिवार उतरवत होते. कळलं असतं तर अण्णांनी समर्थला वेशीच्या आत पाऊल ठेवू दिलं नसतं. माझ्याशीही बोलले नसते.

तरीही मी थांबले नाही. संध्याकाळी बैलांना पेंड घालताना अण्णांना विचारायचं, "अण्णा, ओढ्यापलीकडच्या वावराला काय म्हणायचे?" मग त्यांचा चेहरा असा खुलायचा! "ते व्हय? ते पुतळाबाईचं. माझी आत्या. लगीन झालं तवा बापानं चोळीबांगडीला दिलेलं. बाईचं नाव वावराला उगं न्हाई लागत, पोरी. बापानं द्यावं, न्हाईतर सासरनं."

रविवारी मी पुतळाबाईचं वावर नकाशावर मांडलं. समर्थला सांगितलं, "आमच्या आज्या-आत्यांची नावंसुद्धा आहेत बरं शिवारात!" छाती फुगवून सांगण्याच्या नादात चोळीबांगडीचं सांगायचं मात्र राहूनच गेलं.

"वावराला नाव कोण ठेवतं?" त्यानं विचारलं.

"ज्याचं असेल तो."

"आणि ज्याचं काहीच नाही तो?"

"म्हणजे?"

"आमचे बाबा औशाला शिवणकाम करतात. आमच्याकडं मातीची म्हणाल तर तुळशीची कुंडी. तिला नाव ठेवायचं राहिलंय बघा." तो हसला. मला मात्र हसू आलं नाही. इतका वेळ मी त्याच्या पुढ्यात शिवार मिरवत होते आणि तो एकेक नाव सुबक अक्षरात लिहीत होता, एकदाही कंटाळला नव्हता.

"काय बघायलीस?" तो हळूच म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"अक्षर बघतेय."

"अक्षर कागदावर आहे. तू चष्म्याकडं बघायलीस."

...इश्श! असं तोंडावर म्हणतात का?

गावात जादू हवी होती. ती मीच सुचवली. या गावात चकवा फिरतो. तो धुकं पसरतो, वाट विसरायला लावतो. रात्रभर चाललात तरी पुन्हा तिथंच. पण पायाखालच्या वावराचं खरं नाव ज्याला ठाऊक, त्यानं ते मोठ्यानं घेतलं की धुकं फाटतं. समर्थनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "तीन महिन्यांत मला अजगर सुचला. तुला पाच मिनिटांत गाव सुचलं." माझ्या कंपनीनं आजवर दिलेल्या सगळ्या शाबासक्या त्या एका वाक्यापुढं फिक्या पडल्या, शपथ!

मेळाव्याच्या दिवशी सकाळी नवा फ्लेक्स यायचा होता. मागच्या घोटाळ्यानं खंडूभाऊ खजील झालेले. या वेळी ते फारच जपून वागले. जुन्या वहीतला, मागं नकाशा गेला होता तो पत्ता काढून, 'निगडीच्या मेळाव्याची' म्हणत त्यांनी गुंडाळी स्वतः नेऊन पोहोचवली... आमच्या घरी.

आम्ही निगडीच्या हॉलमध्ये वाट बघत होतो. टेबलं मांडलेली, पोरं फासे खुळखुळवत बसलेली. आणि दारात फेटा दिसला. काखेत गुंडाळी.

अण्णा थेट आमच्या टेबलापाशी आले. त्यांनी गुंडाळी टेबलावर पसरली आणि नकाशावर बोट ठेवलं.

"थोरली पट्टी," ते म्हणाले. बोट पुढं सरकलं. "बाभळीचं. गाढवलोळ. पुतळाबाईचं..." त्यांनी मान वर केली. "माझ्याबिगर हे आता कुणाला म्हायती न्हाई. हितं कुणी लिवलं?"

"मी सांगितलं, अण्णा," मी म्हणाले. "चोरून सांगितलं, ते चुकलं. पण एजंटला नाही सांगितलं. यानं यातलं काही विकलं नाही, काही घेतलं नाही. आज इथं चाळीस पोरं ही नावं घेणार आहेत. तुमच्या तोंडून चाळीस तोंडांत जातील ती. मला त्याचा अभिमान वाटतो."

अण्णा पुन्हा नकाशावर वाकले. बोट ओढ्यापर्यंत गेलं आणि थबकलं.

"हे कुठलं? आमच्या शिवारात असलं वावर न्हाई."

मी वाकून बघितलं. पुतळाबाईच्या बांधाला लागून एक लहानशी पट्टी, आणि सुबक अक्षरात माझं नाव, 'हर्षालीचं'. मला ते आत्ताच दिसत होतं. कानाच्या पाळ्या तापल्या.

"ते मी घातलं, काका," समर्थ म्हणाला. "हिचे आभार म्हणून..."

"बाईचं नाव वावराला कवा लागतं, ठावं हाय का?"

समर्थनं माझ्याकडे बघितलं. आता गप्प राहणं माझ्या स्वभावात नव्हतं. "बापानं दिलं तर," मी म्हणाले, "नाहीतर... सासरनं."

तो पांढराफटक पडला. मला वाटलं, आता माफी मागेल, नाव खोडेल. त्यानं चष्मा वर सारला.

"मला माहीत नव्हतं, काका. पण आता कळलंय, तरी मी खोडणार नाही," तो म्हणाला. "आमच्या सात पिढ्यांत कुणाकडं जमीन नव्हती. कागदावर का होईना, पहिल्यांदा माझ्याकडं आली. आली तशी हिला दिली."

हॉलमध्ये कुणाच्या तरी हातून फासा पडला. अण्णांनी पेन्सिल मागितली. आता ते खोडणार!

"येडा हायेस," ते म्हणाले. "पोरीच्या नावानं वावर काढलंस, आन् पाणी कुठनं देणार? हवेतनं?"

आणि माझ्या अण्णांनी, बाहेरच्याला शिवार न दाखवणाऱ्या माणसानं, थोरल्या पट्टीच्या विहिरीपासून एक पाट काढला. पुतळाबाईच्या बांधावरून वळवत, उताराचा नीट अंदाज घेत, 'हर्षालीचं' पर्यंत आणून सोडला. मग खुर्ची ओढली, फेटा सारखा केला आणि बसले.

"हां. आता चालू दे तुझा चकवा. बघू कुणाला नाव आठवतंय."

समर्थनं फासे उचलले. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, अगदी जवळ, सगळ्यांदेखत.

"नांगर धरता येतो?" मी हळूच विचारलं.

"नाही."

"मग माझं वावर कसणार कोण, समर्थ?"

त्याचं नाव मी पहिल्यांदाच घेतलं होतं. त्यानं मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं धुकं फाटलं.