शंभर उजवे पाय

"मला पाय हवेत," तो म्हणाला.

भर दुपारची वेळ. बाबा आतल्या खोलीत आडवे झालेले, आणि आमच्या चपला-बुटांच्या दुकानात मी एकटी.

"इथे बूट मिळतात," मी म्हणाले. "पाय ज्याचे त्याने घरून आणायचे."

बिचाऱ्याचे कान असे लाल झाले की वर आधण ठेवलं असतं तर चहा झाला असता! मग अडखळत सांगायला लागला. तो कारखान्यात यंत्रांची चित्रं काढायचा. आता व्यायामाचं एक यंत्र करत होता. त्यावर बसायचं, पाय समोरच्या दोन फळ्यांवर टेकवायचे आणि दांडा छातीकडे ओढायचा. पण त्या फळ्यांवर लहान-मोठा कुठलाही पाय नीट बसायला हवा. टाच मागे टेकलेली, पट्टा बरोबर चवड्यावर. त्यासाठी शंभर माणसांच्या पायांची मापं हवी होती.

"आणि शंभर झाले की?"

"की जाणार. कारखाना लांब आहे ना."

बघा, जाणार हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझंच लक्ष नव्हतं. मी त्याचे हात बघत होते... लांब बोटं, नखाला शाईचा डाग.

बाबांनी त्याला दाराजवळ एक स्टूल दिलं आणि नाव ठेवलं मापाडी. गिऱ्हाईक आलं की मापाडी खाली वाकायचा आणि पाय असा हातात घ्यायचा की जणू पाखरू आहे, दचकलं तर उडून जाईल. काय काय पाय आले म्हणून सांगू! एक गवंडी यायचा, त्याच्या एका बुटात आमची मांजर चार पिल्लांसकट झोपायची आणि वर पाहुण्या मांजरीला जागा उरायची. मला मात्र त्या गवंड्याच्या भेगाळलेल्या टाचेचासुद्धा हेवा वाटायला लागला.

एकतिसावा पाय माझा.

"बावीस सेंटिमीटर," तो म्हणाला. मग म्हणाला, "थांबा, नीट दिसलं नाही." पुन्हा मोजला. पुन्हा बावीस.

"आता दिसलं?"

"अं... एकदा खात्री करतो."

तिसऱ्यांदाही बावीसच भरला. आतून बाबा ओरडले, "अरे मापाडी, पाय आहे तो, रस्ता नाही!"

त्या दिवसापासून मी आकडे मोजायला लागले. चाळीस. साठ. ऐंशी... तो जेवढा खूश, तेवढी मी कासावीस. नव्वदीनंतर मला राहवेना. तो आत पाणी प्यायला गेला की मी दारातल्या दारात गिऱ्हाईक परतवायचे. "आज येऊ नका, दुकानात साप निघालाय." दुसऱ्या दिवशी सापाला फणा फुटला, तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली. चौथ्या दिवशी शेजारचा शिंपी काठी घेऊन धावत आला, "कुठाय, कुठाय?" आणि मापाडी पाण्याचा पेला घेऊन मागेच उभा.

तो फक्त हसला. मी बुटांच्या खोक्यांमागे तोंड लपवलं. त्या संध्याकाळी एका लग्नघरची अख्खी पलटण आली आणि शंभर पूर्ण झाले.

जायच्या दिवशी त्याने मला चित्र दाखवलं. दोन फळ्या, खाली त्यांना जोडणारा एकच दांडा आणि बाजूला एकच खिटी. ती फिरवली की दोन्ही फळ्या एकदम पुढे-मागे.

"आणि डाव्या पायाचं काय?" मी विचारलं.

"डावा उजव्यासारखाच."

शंभर माणसं मोजली आणि सगळ्यांचा उजवाच पाय! मला वाटत होतं, डावे नंतर मोजेल.

"अहो, कुणाचेच दोन पाय सारखे नसतात. एक बूट चावतो, दुसरा नाही, असं का होतं मग? एका खिटीने नाही भागणार. फळी सुटी हवी, खिटी सुटी हवी."

त्याने स्वतःचे दोन्ही पाय माझ्यासमोर मोजले. नेमके सारखे भरले, मेले!

"हा पण सापच का?" त्याने हळूच विचारलं.

मी कितीही शपथा घेतल्या असत्या तरी काय उपयोग होता? तो गेला. दारावरची घंटा वाजली, मग वाजायची थांबली.

पण म्हटलं, मी खोटी तर खोटी, गिऱ्हाइकांचे पाय तर खरे आहेत. पुडक्याच्या कागदावर मी एकेकाला उभं केलं, पेन्सिलीने दोन्ही पाय काढले आणि पाकिटात घालून कारखान्याच्या पत्त्यावर धाडले. *शिंपी. डावा मोठा.* बस, एवढंच लिहिलं.

दर सोमवारी एक पाकीट. उत्तर नाही.

पाऊस लागला. गिऱ्हाइकांच्या ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उठायचे, जोडीजोडीने, आणि मी ते वाळेपर्यंत बघत बसायचे. घंटा वाजली की मान आपोआप वर. बाबा म्हणायचे, "मान लचकेल एक दिवस." स्टूल मात्र त्यांनीही हलवलं नाही.

चौथ्या पाकिटात माझ्या हातून जरा जास्त लिहिलं गेलं. *पोस्टमन. उजवा मोठा. इकडे पाऊस आहे.* सहाव्यात, *गवंडी. दोन कागद जोडावे लागले. स्टूल रिकामं आहे.* सातव्यात माझेच दोन पाय. *डावा मोठा.* पुढे आठवणीबद्दल एक ओळ लिहिली, खोडली, आणि खोडलेलंच पाठवलं.

त्यानंतरच्या सोमवारी घंटा वाजली. मी मुद्दाम मान वर केली नाही.

माझ्यासमोर फरशीवर लोखंडाचं जड काहीतरी टेकलं. दोन फळ्या. दोन दांडे. दोन खिट्या.

"पाय ठेवा," तो म्हणाला.

मी ठेवले. त्याने आधी डावी खिटी फिरवली, मग उजवी. दोन्ही टाचा टेकल्या, दोन्ही पट्टे चवड्यावर आले. माझ्या डोळ्यांना काय झालं कोण जाणे, मला फळ्या धूसर दिसायला लागल्या.

"पटलं म्हणजे शेवटी."

"पहिल्याच पाकिटात पटलं होतं."

"पहिल्याच? मग दोन ओळी लिहायला हात मोडला होता?"

त्याचे कान लाल झाले. "लिहिल्या असत्या... तर तुमची पाकिटं थांबली असती."

सात आठवडे! सात आठवडे माझा जीव टांगून ठेवला, आणि हा तिकडे बसून माझी पाकिटं जमवतोय! मी जाम भडकले. आणि साप सोडणारी मी, कुठल्या तोंडाने भडकत होते कोण जाणे.

"साहेबांना विचारून आलोय," तो म्हणाला. "चित्रं कुठेही बसून काढता येतात. इथे राहू... की जाऊ? तू सांगशील तसं."

तुम्हीवरून तूवर आलेला मला कळला बरं का. पण मी दाखवलं नाही.

"उत्तर हवंय? सात आठवड्यांनी मिळेल," मी म्हणाले आणि पाठ फिरवून बूट पुसायला बसले.

"बरं," म्हणाला, आणि खरंच स्टुलावर जाऊन बसला. हात मांडीवर, नजर माझ्याकडे. वाट बघायची तयारी अशी की सात वर्षंही बसला असता.

मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय की पूर्ण सात आठवडे झुलवला त्याला. तुम्हाला म्हणून खरं सांगते... तिसरा बूट पुसून होईपर्यंतही मला धीर धरवला नाही.

"राहा," मी म्हणाले.