मागच्या सीटवरचा दुजोरा

ही घटना खरी आहे. प्रत्येक थापेची सुरुवात याच वाक्याने होते, हे मला ठाऊक आहे. पण माझा नाइलाज आहे... त्या गाडीत मी होतो. गाडी मीच चालवत होतो.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार. दिवेलागणीची वेळ. डोळ्यांच्या दवाखान्यापासून आमच्या घरापर्यंतचा सरळ रस्ता.

शेजारी काका. मागे, खिडकीला चिकटून, त्यांची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण. आम्ही तिला ताई म्हणतो. तिच्या बाजूची जागा रिकामी, फक्त तिची पर्स.

काका निवृत्त इंजिन ड्रायव्हर. म्हणजे, निवृत्त केलेले.

"या वयात असे डोळे! अभिनंदन!" डॉक्टर म्हणाले होते.

"डोळ्यांचं कौतुक नका सांगू, डॉक्टर," काका म्हणाले.

डॉक्टर हसले. त्यांना काय माहीत.

रेल्वेत एक रीत आहे. सिग्नल दिसला की ड्रायव्हरने त्याचा रंग मोठ्याने म्हणायचा. सहायकाने स्वतः बघून तोच पुन्हा म्हणायचा. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून. असे नियम आधी सुचत नाहीत. आधी डबे एकमेकांवर चढतात, मग सुचतात.

काकांचा सहायक त्यांचा जावईच होता. ताईचा नवरा. सासऱ्याला तोंडाने मामा म्हणायचा आणि मनातून देव मानायचा.

आठ वर्षांपूर्वी, मावळतीचं ऊन डोळ्यांवर आलेलं असताना, काकांनी शेजारच्या रुळाचा सिग्नल आपला समजला.

"हिरवा," ते म्हणाले.

जावई जेवणाच्या डब्याचं झाकण लावत होता. मान वर न करताच म्हणाला, "हिरवा."

मामा म्हणतायत म्हणजे असणारच.

त्यांचा लाल होता. पुढे भरलेली पॅसेंजर उभी होती.

काका बाहेर फेकले गेले आणि वाचले. जावई वाचला नाही. पॅसेंजरच्या शेवटच्या डब्यातलं कोणीच वाचलं नाही. चौकशीत काकांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. नंतर ताईलाही सांगितलं.

तेव्हापासून ते रस्त्यावरचे सिग्नलसुद्धा मोठ्याने म्हणतात. पूर्वी आम्हाला हसू यायचं. आता येत नाही.

तर त्या संध्याकाळी, पहिल्याच चौकात...

"हिरवा," काका म्हणाले.

"हिरवा."

मागून. पुरुषाचा आवाज.

मला वाटलं, रेडिओ.

रेडिओ बंद होता.

"ताई, तू काही म्हणालीस?"

"तू पुढे बघून चालव."

पुढचा चौक.

"पिवळा."

"...पिवळा."

मी आरशात पाहिलं. ताई. रिकामी जागा. फक्त तिथे ठेवलेली पर्स ताईने उचलून मांडीवर घेतली होती... शेजारी कोणी बसलं की आपण घेतो ना, तशी.



"काका... हे..."

"गाडीतच येतो," काका शांतपणे म्हणाले. "घरी नाही येत. मागे एकदा टॅक्सीत आला होता, तर टॅक्सीवाला आम्हाला अर्ध्या वाटेत उतरवून पळाला."

एरवी मी यावर हसलो असतो.

तिसऱ्या चौकात लाल दिवा. मी थांबलो. काका त्या दिव्याकडे टक लावून बघत होते. डोळे उत्तम.

"हिरवा," ते म्हणाले.

"काका, लाल आहे!"

"तू गप्प बस रे. तुला कोणी विचारलंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हाताऱ्याला एकदाच ऐकायचं होतं. 'मामा, लाल आहे.' त्याच्या तोंडून.

कोणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं...

"हिरवा."

मोकळा, निर्धास्त आवाज. मान खाली घालून बोलल्यासारखा.

काकांनी डोळे मिटले. "दर वेळी हेच. अजूनही माझ्यावरच भरवसा, गाढवाचा."

मग ताई त्या रिकाम्या जागेकडे वळली. अगदी हळू म्हणाली,

"अहो... एकदा मान वर करून बघा ना."



मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. दिवा खरोखरच हिरवा झाला होता. आमच्या गाडीत तेवढं म्हणायला कोणी तयार नव्हतं.

हे काय होतं, मला विचारू नका. आता एकटा गाडी चालवताना मी प्रत्येक सिग्नल दोनदा बघतो. पण रंग तोंडातल्या तोंडातही म्हणत नाही...

कोणी हो म्हणालं तर?